प्रौढ वयातील एडीएचडी आणि वैयक्तिक कोच

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या वर्षी मला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि कामांचे नियोजन अवघड करणारी अवस्था) असल्याचे निदान केले असून औषधे चालू आहेत. तरीही विजेचे बिल आणि कार्यालयातील अहवाल शेवटच्या घटकेपर्यंत राहतातच. वैयक्तिक कोच नेमल्यास उपयोग होईल का?

उत्तर : होऊ शकेल, मात्र कोच हा उपचारकर्ता नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. औषधाने लक्ष टिकवणे सोपे होते, पण ते लक्ष कोणत्या कामाकडे आणि केव्हा द्यायचे, हे औषध ठरवत नाही. कोचचे काम नेमके तेथे सुरू होते. 'अहवाल लिहिणे' हे एवढे अवाढव्य आणि धूसर काम असते, की चांगला कोच 'मंगळवारी सकाळी १० वाजता फाइल उघडून केवळ मथळे लिहिणे' एवढाच तुकडा तुमच्याकडून ठरवून घेतो आणि ठरल्या वेळी तो झाला का, हे विचारतो. हे विचारणे वरवर क्षुल्लक वाटते, परंतु ज्यांना दूरची मुदत जाणवतच नाही, त्यांच्यासाठी तीच जवळची मुदत ठरते. बिलासाठी मात्र कोच कशाला हवा? बँकेतून ते आपोआप भरले जाण्याची सोय करून टाका.

भारतात कोच म्हणवून घेण्यासाठी परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची (मानसिक विकारांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची) नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यामुळे अनुभवाची चौकशी करा, वर्षभराचे शुल्क आगाऊ भरू नका आणि औषध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.