शंभरी ओलांडलेली, पूर्ण रिस्टोअर केलेली अमेरिकन गाडी खरंच 'तीच' आहे हे कसं ओळखतात? इतके मालक बदलल्यावर पुरावा काय उरतो?

सुरुवात कागदांपासूनच करतात. पण कागद जुळले तरी ते त्याच लोखंडाचे आहेत कशावरून? माझा भरवसा जुन्या दुरुस्त्यांवर जास्त आहे. असं का म्हणतो, ते एका गाडीवरून सांगतो.

नेवाडात रेनोला नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियम आहे. तिथे मी 1907 ची थॉमस फ्लायर पाहिली. चार सिलिंडर, 60 हॉर्सपॉवर. आजूबाजूच्या गाड्यांत तोंड पाहून घ्यावं इतकी चकाकी, आणि ही मात्र लांबच्या प्रवासाहून आत्ताच येऊन थांबल्यासारखी. 1908 ची न्यूयॉर्क ते पॅरिस शर्यत जिंकलेली हीच ती गाडी. 12 फेब्रुवारीला टाइम्स स्क्वेअरमधून निघाली, बर्फातून 41 दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठलं, मग बोटीने जपान, पुढे सायबेरिया, आणि 30 जुलैला पॅरिस. कारखान्याचा मेकॅनिक जॉर्ज शुस्टर न्यूयॉर्कपासून शेवटपर्यंत गाडीसोबत होता. वाटेत जे जे मोडलं, ते त्यानेच जोडलं.

आता मालकी. बफेलोची थॉमस कंपनी बुडाली आणि 1913 च्या लिलावात लॉट नंबर 1829 म्हणून गाडी विकली गेली. ती घेतली फिनेगन नावाच्या गृहस्थांनी. त्यांच्यानंतर ती लाँग आयलंडच्या हेन्री ऑस्टिन क्लार्क यांच्या म्युझियममध्ये गेली आणि 1964 मध्ये रेनोचे कॅसिनोवाले बिल हॅरा यांच्याकडे आली. म्हणजे साखळी तशी छोटी, नावंही माहीत. तरी शंका राहतेच, कारण मध्ये कितीतरी वर्षं गाडी नुसती पडून होती.

हॅरांनी सरळ शुस्टरलाच रेनोला बोलावलं. वय 91. बाहेरून बघून म्हाताऱ्याची खात्री पटेना. गाडी खोलायला घेतली, आणि 1908 मध्ये त्याने स्वतः केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणा दिसल्या, तेव्हा कुठे तो ठाम झाला. आपल्याकडचा जुना मिस्त्रीसुद्धा आपल्या हातचं वेल्डिंग ओळखतोच की!

हॅरांचा पुढचा निर्णय मला सगळ्यात आवडतो. गाडी नवीकोरी न करता शर्यत संपताना होती तशी करायला त्यांनी सांगितलं. तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. रिस्टोरेशनच्या आधीचे, गाडी खोललेली असतानाचे फोटो मागा. जुना सांधा घासून, पुटी भरून गुळगुळीत केला असेल तर त्याबरोबर पुरावाही गेला. फोटो दाखवायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर मी तरी तिथूनच परत फिरेन.

जाता जाता: शर्यतीच्या बक्षिसाचे 1,000 डॉलर शुस्टरच्या हातात पडले ते थेट 1968 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी.