१८५८ रेमिंग्टनची इटालियन प्रतिकृती घ्यावी की १८५१ कोल्टची? या काळ्या दारूच्या (जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या) रिव्हॉल्व्हर महिन्याभरात गंजतात हे खरं आहे का?

नाही. उडवली त्याच दिवशी पाण्याने धुतली तर गंजत नाही. "इटालियन माल, महिन्यात गंजला" हे वाक्य मी आमच्याच घरी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. मी आणि माझ्या मेहुण्याने एकाच सेलमध्ये पिएत्ता या इटालियन कंपनीच्या १८५८ रेमिंग्टन घेतल्या. दोन्ही .४४ कॅलिबरच्या (नळीचं माप, इंचात), दोन्ही पोलादी फ्रेमच्या. पहिल्याच रविवारी एकाच रेंजवर, एकाच डब्यातली दारू भरून उडवल्या. संध्याकाळी गॅरेजमध्ये मी बादलीत गरम पाणी घेतलं तसा तो ओरडलाच, "अरे, लोखंडावर पाणी ओततोस?" मेहुणा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यात घरी आधुनिक पिस्तुलं, त्यामुळे याबाबतीत त्याला कोणी काही सांगायचं नाही. त्याने नेहमीचं सॉल्व्हंट लावून नळीतून दोन बोळे फिरवले, वरून सढळ हाताने तेल मारलं आणि पेटीत ठेवून दिली.

मी पाणी ओततो, कारण माझे आजोबा ओतायचे. राजापूरकडे आमच्या घरी लायसन्सची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी आणि वानरांसाठी. बार काढून आले की आजोबा आधी चुलीवर पाणी चढवायला सांगत. कढत पाणी नळीत ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचं, की केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसते त्या निपलमधून काळं पाणी पिचकारीसारखं उडायचं. ते स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. मग चुलीशेजारी वाळवण आणि शेवटी तेलाचा हात. कोकणातले पावसाळे काढले त्या बंदुकीने.

महिन्याभराने रेंजवर न्यायची म्हणून मेहुण्याने त्याची रिव्हॉल्व्हर काढली, तर हॅमर हाफ-कॉकला (अर्धा मागे ओढून) आणूनही सिलिंडर फिरेना. लोडिंग लिव्हर खाली करून सिलिंडर ज्यावर फिरतो ती पिन पुढे ओढली, तीही हलेना. आली मग माझ्या टेबलावर. लाकडाचा तुकडा मध्ये धरून पिन हळूहळू ठोकत काढली. तिच्यावर काळा चिकट राप बसला होता आणि नखाने खरवडला की खालून तांबूस गंज निघत होता. चेंबरच्या (सिलिंडरमधल्या दारू-गोळी भरायच्या भोकांच्या) तोंडाशी बारीक खड्डे पडायला लागले होते. निपल जागच्या जागी धरलेले. रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवून, मग गंज सोडवायचं तेल पाजून पाच निपल सुटले. सहाव्याच्या कडा त्याने आधीच पाना घसरवून गोल करून ठेवल्या होत्या.

यात गूढ काहीच नाही. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन वायू न होता घन रूपातच मागे राहतं. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, पाण्यात चटकन विरघळतात आणि खनिज तेलात विरघळत नाहीत. तेल मारलं की क्षार त्याच्याखाली तसेच राहतात आणि वर रापाचं झाकण बसतं. आधुनिक धूररहित दारूची राख असा ओलावा धरत नाही, म्हणून मेहुण्याची पद्धत त्याच्या पिस्तुलांना चालते. इथे ती चालत नाही, एवढं त्याने आजतागायत मान्य केलेलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी नवा मुलगा विषय काढतो आणि हा सांगतो, "घेऊ नकोस, भंगार असतात." माझी त्याच सेलमधली आहे. नळी बघायला कधीही या.

आणि भंगार कसली? या रिव्हॉल्व्हर ब्रेशिया प्रांतातून येतात. पिएत्ता तिथलीच, दुसरी मोठी कंपनी उबेर्तीही तिथलीच. तिथल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या खोऱ्यात शतकानुशतकं बंदुका बनतात आणि बाहेर जाणारी प्रत्येक बंदूक सरकारमान्य प्रूफ हाउसमधून (बंदुकांच्या चाचणी केंद्रातून) तपासून जाते. फ्रेमवर त्याचे शिक्के बघा. वर्षाची सांकेतिक अक्षरंही तिथेच असतात, जुनी घेताना उपयोगी पडतात.

आता कुठली घ्यायची. पितळी फ्रेमची घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. पितळ मऊ असतं. भरपूर दारू भरून उडवत राहिलात की सिलिंडरचा ठसा मागच्या पितळावर उमटतो आणि खेळ वाढत जातो. अमेरिकन गृहयुद्धात दक्षिणेकडच्यांनी जॉर्जियात पितळी फ्रेमच्या रिव्हॉल्व्हर बनवल्या त्या लोखंडाची टंचाई होती म्हणून, आणि त्याही .३६च्या. पितळी फ्रेमची .४४ची '१८५१ नेव्ही' कोल्टने कधी काढलीच नाही. मूळ नेव्ही .३६चीच.

पोलादीत रेमिंग्टन. वरून पट्टी असल्यामुळे फ्रेम भक्कम, सिलिंडर क्षणात निघतो. (१८५८ ही पेटंटची तारीख, उत्पादन १८६३ पासूनचं.) कोल्ट हातात जास्त छान बसते आणि तिचा जाड आर्बर (सिलिंडरचा आस) काजळी जास्त सहन करतो, पण फुटलेल्या केपा हॅमरखाली पडून अडकतात. रेमिंग्टनची पिन बारीक, दोनतीन सिलिंडर उडवले की जड होते. तिला ग्रीस लावा, मधेच ओल्या फडक्याने पुसा.

गोळी .४५१ किंवा .४५४ची. ठासताना शिशाची पूर्ण कडी तासली गेली पाहिजे, नाहीतर गोळी सैल आहे आणि एका चेंबरबरोबर शेजारचेही उडू शकतात. थ्री-एफ (बारीक दाण्याची) दारू मापाने २५ ते ३० ग्रेन पुरे. खरी काळी दारू मिळाली तर तीच घ्या. पायरोडेक्स ही पर्यायी दारू मिळायला सोपी, पण लोखंडाला जास्त खाते.

धुताना मुठीची लाकडं काढून ठेवा, निपल प्रत्येक वेळी काढा, साबणाच्या कोमट पाण्यात ब्रश मारा, पुसा, हेअर ड्रायरने वाळवा आणि मगच तेल. बॅलिस्टॉल हे तेल उत्तम, पाण्यातही मिसळतं. निपलच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावलं की पुढच्या वेळी पान्याशी मारामारी नाही. दोन दिवसांनी परत एकदा बोळा फिरवून बघा, तपकिरी आला तर पुन्हा धुवा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये मात्र हे करू नका, शिसं असतं.

आणखी काही गोष्टी. धूररहित दारू यात चिमूटभरही नको, हातात फुटेल. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात अशा प्रतिकृती 'फायरआर्म'मध्ये मोडत नाहीत, म्हणून बऱ्याच राज्यांत थेट घरपोच येतात आणि व्हिसावाल्यांवरची बंदूक बाळगण्याची संघीय बंदी या प्रतिकृतींना लागत नाही. पण राज्याचे कायदे वेगळे. न्यू जर्सीत परमिट लागतं. मी वकील नाही, घेण्याआधी आपल्या राज्याचं नीट विचारा. भारतात लायसन्सशिवाय हे चालत नाही, सुट्टीत बॅगेत घालून न्यायचा विचारही करू नका.

आणि जुनी घ्यायची असेल तर 'सिलिंडर जाम आहे' असं लिहून स्वस्तात विकायला काढलेली पोलादी रेमिंग्टन दिसली की तिथेच सोडून देऊ नका. विकणाऱ्यासमोर नळीत टॉर्च मारा, चेंबरची तोंडं बघा, निपलच्या कडा शाबूत आहेत का बघा. हे तिन्ही ठीक असेल तर ती खराब झालेली नाही, कुणीतरी नुसतं तेल मारून ठेवलेली आहे. एक रात्र साबणाच्या पाण्यात घाला, सुटेल.