पाइपमध्ये निपाणीचा तंबाखू: करून पाहिलेल्याचं उत्तर

प्रश्न दोन आहेत: पाइप सिगरेटपेक्षा बरा का, आणि बाहेरच्या महागड्या डब्यांऐवजी आपला निपाणीचा 'बिनकेमिकलचा' तंबाखू त्यात भरला तर काय बिघडलं, शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील ना? मी निपाणीकडचाच, घरी तंबाखूचं पीक. हा उद्योग मी करून बसलोय.

पाइपवाल्यांचा व्हर्जिनिया तंबाखू बंद खोलीत गरम हवेवर पिवळा करतात. पानात साखर राहते, धूर गोडसर लागतो. आमच्याकडे अख्खं झाड कापून रानातच उन्हात वाळवतात, साखर फारशी उरत नाही. शिवाय शेंडा खुडून फुटवे काढलेले, त्यामुळे सगळा जोर पानात. पानावर तांबूस ठिपके दाट आले की व्यापारी खूश. ही सगळी तयारी बिडीसाठी! बिडीत चुरी मावते जेमतेम पाव ग्रॅम, पाइपात २-३ ग्रॅम. म्हणजे एका बैठकीत १० बिड्या. मित्राच्या पाइपात भरून ओढली तेव्हा चौथ्या झुरक्याला उचकी लागली, जीभ सोलल्यासारखी झाली आणि रात्री जेवण गेलं नाही. चुरी बारीक, त्यामुळे एक तर भसकन जळते, नाहीतर गच्च बसून विझते.

'बिनकेमिकल' म्हणाल तर निकोटिन पानातलंच आहे, कुणी वरून घालत नाही. पहाटे दवात शेंडे खुडले की ते ओल्या कातडीतूनही अंगात जातं. दुपारी मळमळ, गरगर. माझी आत्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. आंघोळ केल्याशिवाय लेकराला घेत नसे. आणि 'शेतकऱ्याला चार पैसे मिळतील' हे तर सोडाच, १९८१ साली इथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला तेव्हा पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या.

आता पाइप. धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून फुप्फुसाला धोका सिगरेटपेक्षा काहीसा कमी, एवढं खरं. पण निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं, आणि ओठ, जीभ, घशाचा कॅन्सर आहेच. सिगरेट सोडून पाइपवर आलेला गडी तर सवयीनं छातीतच ओढतो, मग फायदा कसला?

देशी साधनच हवं तर चिलीम होती. आत खडा, तोंडाला ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा. धूर गाळून येतो, असं आजोबा ठासून सांगायचे. ती छापी धुवायचं काम माझ्याकडे होतं. पिळली की काळपट पाणी निघायचं, आणि हाताचा वास दोन दिवस जायचा नाही.