आधी ब्रेक, मग रंग

«ताई, वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यावर तीन वर्षांपूर्वी हौसेने सगळी खोलली. इंजिनाला तेवढा हात लावला नाही. आता सांगाडा पार्किंगमध्ये विटांवर आणि पार्ट चौदा खोक्यांत. एक लाख ऐंशी हजार गेले. पेंटर पत्रा घासून प्रायमर मारून गेला तो पावसाळ्याआधी, पुन्हा फिरकला नाही. बायको म्हणते, भंगारात द्या. मला तर खाली उतरायचीसुद्धा लाज वाटते. – अर्धवट गाडीवाला, सातारा»

दादा, लाज कसली? सगळी गाडी एकदम खोलायची चूक निम्मे हौशी लोक करतात. मीही एकदा आईची शिलाई मशीन अशीच उघडली होती. स्क्रू अजून लोणच्याच्या बरणीत आहेत.

पण प्रायमरचं मनावर घ्या. प्रायमर पाणी पितो. वर रंग नसताना साताऱ्याचा पावसाळा काढला असेल, तर खाली गंज धरलेला असणार. पेंटरला फोन करण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दरवाजाखालच्या पट्ट्या, फ्लोअर, चाकांवरचे कोपरे टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर तिथे वेल्डिंग. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्राच तिचा कणा. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारू देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.

त्याच आठवड्यात इंजिन. तीन वर्षं बंद आहे, थेट स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, चार दिवस तसंच राहू द्या आणि मग हाताने फिरवा. फिरलं, तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर साफ करा, ऑइल बदला. ते 1089 सीसीचं साधं इंजिन आहे, जुना मिस्त्री सापडला तर बोलतं करेल. सांगाड्यात का होईना, ते एकदा धडधडलं की जिना उतरताना पाय जड होणार नाहीत.

मग ब्रेक, मग वायरिंग. रंग त्यानंतर, सीट सगळ्यात शेवटी. तुमची सुरुवात रंगापासून झाली, घोडं तिथेच अडलं.

खोकी एकेक करून संपवा. रविवारी सकाळी दोन तास, एकच खोकं. दरवाजाच्या तिकोनी काचेची कडी घासून, तेल देऊन, फिरते का बघून पुन्हा बसवली, की त्या दिवसाचं काम झालं, वर या. दुसरं खोकं उघडायचं नाही. हरवलेल्या बारीकसारीक वस्तूंसाठी पुण्याचा जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी. जाताना तुटका नमुना खिशात ठेवा, तोंडी वर्णन करून भलतंच गळ्यात पडतं.

वहिनींचं म्हणाल, तर त्यांना गाडीचा राग नसावा. किती पैसे आणि किती दिवस, हे कुणी सांगत नाही याचा असेल. महिन्याची रक्कम दोघांनी बसून ठरवा आणि ती संपली की त्या महिन्यात हात आवरा. आरसी वडिलांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्या, फॉर्म 31 लागतो. नोंदणीची मुदत संपली असेल तर तेही आरटीओत आताच विचारा. सगळं जोडून झाल्यावर कागदासाठी अडलात तर फार जीव जाईल.

2028 मध्ये गाडी पन्नाशीची होईल, तेव्हा व्हिंटेज नोंदणीचा मोह पडेल. 2021 च्या नियमांत तशा गाड्यांना वेगळा नंबर मिळतो, पण ती रोज चालवता येत नाही. बाजारात, कासला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

एक प्रश्न उरतो. तुम्हाला गाडी चालवायची आहे, की वडिलांची वस्तू हातातून सुटू द्यायची नाही? दुसरं असेल, तर स्टिअरिंगवरच्या गिअरची मूठ तेवढी ठेवून घ्या आणि बाकी गाडी चौदाही खोक्यांसकट पद्मिनीच्या एखाद्या वेड्याला विका. त्यात कसला अपमान नाही. भंगारात मात्र देऊ नका.

इंजिन फिरलं की नाही ते कळवा.

– तुमची ताई