परदेशातल्या ऐतिहासिक जागा आणि उत्सव टिपायला ग्रुप फोटोग्राफी टूरने जावं का? की एकट्याने गेलेलं बरं?

जा, पण टूर निवडताना पत्रकावरचे फोटो बघू नका, मुक्काम कुठे आहेत ते बघा. मी अशी एकच टूर केली आहे, नेपाळमधल्या बिस्केट जात्रेची. त्यामुळे जे सांगतोय ते त्याच अनुभवावरून.

बिस्केट जात्रा हा भक्तपूरच्या नेवार लोकांचा नववर्षाचा उत्सव. नेपाळी वर्ष वैशाखाच्या १ तारखेला, म्हणजे १३-१४ एप्रिलच्या सुमारास लागतं. त्याआधीच काही दिवस तौमढी चौकात भैरवाचा मजलेदार लाकडी रथ सजतो आणि गावाची वरची आळी नि खालची आळी त्याला दोन्ही बाजूंनी दोर लावून ओढते. रथ पहिल्यांदा कुणाच्या भागात जाणार यावरून चक्क रस्सीखेच. वर्षाच्या शेवटच्या दिवशी लिंगो नावाचा प्रचंड लाकडी खांब उभा करतात, दुसऱ्या दिवशी तो पाडतात, आणि तो पडला की नवं वर्ष लागलं.

आम्ही चौदा जण होतो. चौकातल्या एका हॉटेलची गच्ची टूरवाल्यांनी आधीच धरून ठेवली होती. ग्रुपचा खरा फायदा हाच, कारण त्या दिवशी एकट्या माणसाला तिथे पाय ठेवायलाही जागा मिळाली नसती. तोटाही तिथलाच. रात्री लॅपटॉप उघडले तर चौदा जणांकडे एकच फोटो! कुणाचा थोडा उजवीकडे, कुणाचा थोडा डावीकडे.

मी अर्ध्या तासातच खाली उतरलो होतो आणि न्यातपोल मंदिराच्या पायऱ्यांवर घुसून बसलो होतो. हे पाच छपरांचं देऊळ राजा भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये बांधलं आणि १९३४ व २०१५ च्या दोन्ही भूकंपांत ते उभं राहिलं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सर्वांत खाली जयमल आणि फत्तू हे दगडी पैलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह. वरची प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान, असं मानतात. माझा त्या दिवशीचा बरा फोटो एकच आहे: फत्तूच्या मांडीवर चढून बसलेला शाळकरी पोरगा, आणि मागे धुरकट दिसणारा रथ. रथाच्या उताराकडच्या बाजूला मात्र उभे राहू नका. रथ सुटला की तो कुणाचं ऐकत नाही, दरवर्षी माणसं जखमी होतात.

आता मुक्कामाचं. आम्हाला ठेवलं होतं काठमांडूतल्या ठमेलमध्ये. भक्तपूर तिथून जेमतेम १३ किलोमीटर, पण सणाच्या दिवसांत गाडी नुसती रेंगाळते. वैशाखाच्या २ तारखेला वाटेतल्या थिमी गावात बालकुमारी देवीची सिंदूर जात्रा असते: खांद्यावरच्या देवांच्या पालख्या, त्यांवर गरगर फिरणाऱ्या छत्र्या, ‘धिमे’ नावाचे नेवारी ढोल, आणि हवेत नुसता केशरी शेंदूर. आम्ही पोचलो तेव्हा निम्म्या पालख्या परतीला लागल्या होत्या. भक्तपुरातच राहिलो असतो तर उजाडायच्या आत पोचलो असतो.

जेजुरीच्या भंडाऱ्यात फोटो काढले असतील तर थिमीची धूळ तुम्हाला नवी नाही. मी काढले होते, तरीही गर्दीत लेन्स बदलायचा गाढवपणा केलाच. सेन्सरवर केशरी ठिपके बसले आणि उरलेले दोन दिवस प्रत्येक आभाळात ते दिसत राहिले. एकच झूम लावा, कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळा आणि घरी येईपर्यंत लेन्स काढू नका.

गल्लीत एक आजी उंबऱ्यावर बसल्या होत्या, अंगावर हाकू पटासी. काळं लुगडं, लाल काठ, थेट आपली चंद्रकळाच. मी कॅमेरा दाखवून मान हलवली, तर त्यांनी हातानेच थांबवलं, आत गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि मग ताठ बसल्या. शेंदूर लागलेला चेहरा मला हवा होता, तो गेला. फोटो तरीही चांगला आहे. चौदा जणांचा घोळका असता तर त्या आतून बाहेरच आल्या नसत्या.

बाकी किरकोळ. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना १५ ते ६५ वयाच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच, त्यांना आधार चालत नाही. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका. एप्रिलमध्ये वणव्यांच्या धुरामुळे हिमशिखरं बहुधा दिसत नाहीत, त्यासाठी म्हणून जाऊ नका. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, गाडीची वेळ विचारून घ्या. आणि कॅमेऱ्यावरची धूळ उडवायचे ब्लोअर दोन न्या, ग्रुपमध्ये एक कुणीतरी मागून नेतंच. माझा अजून परत आलेला नाही.