सही कोणाची, हद्द कुठवर? : ग्रामीण वाचकांची प्रश्नोत्तरे

कोरोनाचे निर्बंध उठून बराच काळ लोटला असला, तरी त्या दिवसांतले कागद अजून अनेकांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले आहेत, हे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसते. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो आणि साथीची दोन्ही वर्षे मी तालुक्यातली गावे फिरण्यात घालवली. त्या अनुभवावरून सांगतो, की अशा बहुतेक प्रश्नांत दोनच गोष्टी पाहाव्या लागतात : कागदावर सही कोणाची आहे आणि त्या सहीची हद्द कुठवर आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सोमवारपासून जिल्ह्यात पुन्हा लॉकडाऊन, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश’ असे एक पत्र फिरले. आठवडी बाजाराला निम्मे लोक गेलेच नाहीत. नंतर कळले, की पत्र २०२१ सालचे होते. खरा आदेश ओळखायचा कसा?

उत्तर : तुम्ही पाठवलेले छायाचित्र मी पाहिले. पत्र बनावट नाही, पण त्याचा वरचा दोन बोटे भाग कापलेला आहे आणि जावक क्रमांक व दिनांक नेमके तिथेच असतात. कापलेला कागद कितीही खरा वाटला तरी तो आदेश म्हणून धरू नये, एवढा एक नियम पाळलात तरी निम्म्या अफवा तुमच्या उंबऱ्याबाहेर राहतील.

साथीच्या काळातल्या जिल्हास्तरीय आदेशाची ठेवण ठरलेली असते. वर कार्यालयाचे नाव, त्याखाली जावक क्रमांक आणि दिनांक, मग ‘वाचा’ या शब्दाखाली ज्या कायद्यांच्या आणि शासन आदेशांच्या आधारे तो काढला त्यांची यादी, त्यानंतर ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे आणि ‘त्याअर्थी’वर येऊन थांबणारे लांबलचक वाक्य, आणि शेवटी सही. ही सही नुसत्या ‘जिल्हाधिकारी’ या नात्याने नसते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली जे जिल्हा प्राधिकरण असते त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि आदेश त्या नात्याने निघतो. ‘वाचा’खालच्या यादीत १८९७ चा साथरोग अधिनियमही हमखास दिसतो. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी केलेला तो कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला होता.

आता हद्दीकडे वळू. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरवले, तेव्हा बाधितांचे प्रमाण आणि व्यापलेल्या ऑक्सिजन खाटा पाहून प्रत्येक जिल्ह्याचा स्तर निश्चित होत असे. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिका वेगळ्या धरल्या होत्या आणि उरलेला जिल्हा वेगळा. त्यामुळे ‘पुण्यात दुकाने उघडली’ ही बातमी खरी असूनही मुळशी किंवा वेल्ह्याच्या दुकानदाराला तिचा उपयोग नव्हता. दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत तर ओढ्याच्या अलीकडे एक वेळ आणि पलीकडे दुसरी, असाही प्रकार मी पाहिला आहे. म्हणून आदेश हाती आला, की तो आपल्या जिल्ह्याचा आहे का आणि ‘ग्रामीण क्षेत्र’ त्यात धरले आहे का, हे आधी पाहावे.

खात्री करायची तर जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर आदेशाची प्रत असते आणि जिल्हा माहिती कार्यालय तीच वृत्तपत्रांना देते. तेही जमले नाही, तर तलाठी किंवा ग्रामसेवकाला (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) जावक क्रमांक विचारावा. आणखी एक गोष्ट ग्रुपच्या ॲडमिनला वाचून दाखवा : आपत्तीबाबत खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. महाराष्ट्रातले कोरोनाचे निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास उठवले गेले, त्यामुळे त्याआधीची तारीख असलेला कोणताही आदेश आज तुमचा बाजार बंद करू शकत नाही.

प्रश्न : मार्च २०२० मध्ये आमच्या गावाने वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. मुंबईहून आलेल्या माझ्या धाकट्या भावाला रात्रभर बाहेर बसावे लागले. ग्रामपंचायतीला तसा अधिकार होता का? पुन्हा साथ आली तर काय करावे?

उत्तर : अधिकार नव्हता. ये-जा रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाचा आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावाने सार्वजनिक रस्ता बंद होत नाही, मग तो ठराव एकमताने झालेला असला तरी. अनेक ठिकाणी पोलिसांनी त्या फांद्या, ओंडके आणि दगड स्वतः उचलले, कारण त्याच रस्त्याने दुधाची गाडी आणि रुग्णवाहिका जात होती.

तरीही त्या वेळच्या गावकऱ्यांना नुसता दोष देऊन मी मोकळा होणार नाही. प्लेगच्या वेळी गाव उठून रानात, माळावर खोपटी घालून राहिल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने आजीकडून ऐकल्या आहेत आणि गाव वाचवायचे म्हणजे माणसे वेगळी करायची, ही समज तिथून आलेली आहे. तिच्यात चूक नाही. चूक एवढीच, की वेगळे केलेल्या माणसाच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय न करता त्याला वेशीबाहेर ठेवले गेले. तुमच्या भावाला त्या रात्री शाळेची एक खोली, पाण्याची घागर आणि सकाळी चहा मिळाला असता, तर हा प्रश्न इतक्या वर्षांनी तुम्ही मला विचारला नसता.

गावाला जे करता येते ते पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका यांची समिती त्या वेळी गावोगाव होती. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दुसऱ्या लाटेत पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने घरोघर तपासणी करून, लक्षणे दिसताच माणसाला वेगळे ठेवून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. त्यानंतर जूनमध्ये राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली आणि प्रत्येक महसुली विभागात पहिल्या गावाला ५० लाख, दुसऱ्याला २५ लाख आणि तिसऱ्याला १५ लाख रुपयांचे बक्षीस ठेवले. स्पर्धेपेक्षा मला त्यामागची रीत महत्त्वाची वाटते : ताप कोणाला आहे हे गावाला तिसऱ्या दिवशी नव्हे, तर पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. ती बातमी आशाताईंच्या वहीत सर्वांत आधी उतरते, म्हणून त्या दाराशी आल्या की ताप लपवू नये.

प्रश्न : वडील एप्रिल २०२१ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात वारले. ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे नोंद नाही. शेवटी दाखला मिळाला, पण त्यावर कोरोनाचा उल्लेख नाही, म्हणून कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांसाठीच्या ५० हजारांच्या सरकारी मदतीसाठी अर्ज करू नका, असे एकाने सांगितले. आता काही होईल का?

उत्तर : या एका प्रश्नात तीन गाठी आहेत. त्या एकेक करून सोडवू.

पहिली गाठ नोंदीची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे त्याची नोंद होते. माणूस कुठला राहणारा होता, यावर ती ठरत नाही. शहरातल्या रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयाने त्या शहराच्या नगरपालिकेला किंवा महानगरपालिकेला कळवायचा असतो, त्यामुळे तुमच्या ग्रामपंचायतीत नोंद नसणे हे बरोबरच होते. दुसऱ्या लाटेत शेकडो माणसे या एका गैरसमजापायी गावातल्या कार्यालयात खेपा घालत राहिली आणि त्यांना नीट सांगायला कोणाला सवड नव्हती. दाखल्यावर नावात किंवा वयात चूक असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकारही जिथे नोंद झाली तिथल्याच निबंधकाला, कलम १५ प्रमाणे असतो. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि रुग्णालयाचे कागद घेऊन तिथेच अर्ज करावा.

दुसरी गाठ कोरोनाच्या उल्लेखाची, आणि इथे तुम्हाला मिळालेला सल्ला साफ चुकीचा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहून देऊ नये, असे त्याच अधिनियमाचे कलम १७ सांगते, त्यामुळे ते कारण कोणाच्याच दाखल्यावर नसते. कारण असते ते डॉक्टरने भरलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात : रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ. शिवाय मदतीसाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे, तपासणीत बाधित आढळल्यापासून किंवा तसे निदान झाल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी, कोरोनाचा धरला जातो. दाखल्यावर उल्लेख नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले होते. तेव्हा वडिलांचा आरटीपीसीआर अहवाल, दाखल करताना दिलेला केसपेपर आणि नमुना ४ ची प्रत हे तीन कागद एकत्र करा. नमुना ४ हाती नसेल, तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागात लेखी मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

तिसरी गाठ मुदतीची, आणि ती घट्ट आहे. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्ज करायला न्यायालयाने २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस दिले होते आणि ते कधीच संपले. मात्र जो वारस खऱ्या अडचणीमुळे मुदतीत येऊ शकला नाही, त्याने जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जावे आणि समितीने प्रत्येक प्रकरण गुणवत्तेवर पाहावे, अशीही सोय त्याच आदेशात आहे. म्हणून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत, समितीच्या नावे द्या आणि उशीर का झाला ते तारखांसकट लिहा : दाखला कधी मागितला, कुठे परत पाठवले, हातात कधी पडला. ‘माहिती नव्हती’ एवढेच लिहिले तर अर्ज टिकणार नाही. मंजुरीची खात्री मी देऊ शकत नाही, पण अर्जच न करण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नका.

पत्रात तुम्ही ओघात लिहिले आहे, की चुलत भावाच्या मुलांचे आई आणि वडील दोघेही त्याच लाटेत गेले. त्या मुलांसाठी राज्याची पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना होती आणि पीएम केअर्समधून वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळण्याची तरतूद होती. मुलांची नावे त्या याद्यांत आहेत की नाहीत, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन पाहा. वडिलांच्या कामासाठी जिल्ह्याला जाल, त्याच खेपेत हेही उरका.

प्रश्न : प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार मी गटविकास अधिकाऱ्यांकडे दिली, तर ग्रामीण रुग्णालयाची त्यांनी घेतलीच नाही. दोन्ही सरकारीच ना?

उत्तर : दोन्ही सरकारी, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. त्यांची तक्रार तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी अशी वर जाते. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, तिथे आधी वैद्यकीय अधीक्षक आणि मग जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तिसऱ्याच विभागाकडे. एकच रुग्ण एका रात्रीत या तिन्ही दारांतून जातो, म्हणून तक्रारीत कोणत्या दाराशी किती वाजता काय झाले ते वेगवेगळे लिहावे आणि प्रत्येक भाग ज्याचा त्याला द्यावा.

प्रश्न : लसीकरणाच्या वेळी उपकेंद्रातून ‘दहा माणसे जमल्यावर या’ म्हणून आईला दोनदा परत पाठवले. हा मनमानी कारभार नव्हता का?

उत्तर : मनमानी नव्हती, पण ते समजावून सांगितले गेले नाही, ही त्रुटी खरी. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी उघडल्यावर चार तासांत ती संपवावी लागे; उरलेले टाकून द्यावे लागे. जून २०२१ पासून वाया गेलेल्या लशीचा परिणाम राज्याला मिळणाऱ्या वाट्यावर होणार असे ठरल्याने, सातच माणसांसाठी कुपी उघडताना परिचारिकेचा हात थांबत असे. जिथे आशांनी आदल्या संध्याकाळी दहा नावे ठरवली, तिथे कोणाला परत जावे लागले नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीने कोरोनाच्या नावाखाली बराच खर्च दाखवला आहे. तो कसा तपासावा?

उत्तर : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींसाठी ठरला होता आणि त्याचा वर्षवार खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तिथली रक्कम उतरवून घ्या. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज देऊन त्या वर्षांची नमुना ५ ची रोकड वही, खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) आणि साठा नोंदवही मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. लोक प्रमाणकांवर भांडतात, पण खरा पुरावा साठा नोंदवहीत असतो. ऑक्सिमीटर, तापमापक यंत्र, फवारणी पंप या टिकाऊ वस्तू आहेत. घेतल्या असतील तर त्या वहीत चढलेल्या असणार आणि कोणाला दिल्या त्याची सही तिथे असणार. वहीत दहा ऑक्सिमीटर असतील आणि आशाताई सांगत असतील, की आम्हाला दोनच मिळाले, तर उरलेल्या आठांचा प्रश्न ग्रामसभेत विषयपत्रिकेवर लेखी घ्यायला लावा आणि उत्तर इतिवृत्तात उतरवून घ्या.