सगळ्याच प्राण्यांच्या हाडांत कोलॅजन असतं, मग हाडांतल्या प्रथिनांवरून उत्क्रांती कशी कळते? आणि हाड मुळात आलं कुठून?

कोलॅजन, म्हणजे हाडातलं मुख्य प्रथिन, सगळ्यांत असतं, पण सगळ्यांत तेच असतं असं नाही. ते सगळीकडे सारखंच, हा गैरसमज मी एका जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकलाय. पीएचडीच्या सादरीकरणात समितीतले एक ज्येष्ठ सर पहिलीच स्लाइड बघून म्हणाले, "कोलॅजन सगळीकडे सारखंच. उत्क्रांती बघायची तर डीएनए बघा."

माझ्याकडे तेव्हा उत्खननातला हाडाचा एक छोटा तुकडा होता. मेंढीचा की शेळीचा, आकारावरून सांगणं अशक्य. त्यातला मोठा भाग त्याच सरांच्या प्रयोगशाळेत डीएनएसाठी कुटून संपला होता, आणि हाती आलं ते वाचण्याजोगं नव्हतं. उरलेली कपची मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली, खनिज विरघळल्यावर राहिलेलं कोलॅजन ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकरानं कापलं आणि तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं. या दोन प्राण्यांत एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, वेगळं पडतं: आलेखात मेंढीत त्याचं शिखर ३०३३ या वस्तुमानाला येतं, शेळीत ३०९३ ला. माझं आलं ३०३३ ला. सरांनी आलेखाकडे पाहिलं, "हा अपवाद" म्हणाले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याचा राग मला अजून आहे.

अपवाद नाहीच तो. कोलॅजन ही अमिनो आम्लांची साखळी; तिच्यात दर तिसरी जागा ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची, कारण तीन साखळ्यांच्या पिळात आतल्या बाजूला त्याहून मोठं अमिनो आम्ल मावत नाही. तिथे बदल झाला तर माणसात हाडं ठिसूळ होण्याचा आजार होऊ शकतो. मधल्या दोन जागांवर मात्र बरीच मोकळीक आहे आणि बदल तिथेच साचतात. ते सावकाश साचतात, म्हणून फार जुनी नातीही त्यातून वाचता येतात. मॅक्रॉकेनिया आणि टॉक्सोडॉन या दक्षिण अमेरिकेतल्या नामशेष प्राण्यांची हाडं डार्विननं गोळा केली होती. ते कोणाचे नातलग, हा वाद जवळपास पावणेदोनशे वर्षं चालला. २०१५ मध्ये कोलॅजनवरून ते घोडा-गेंड्यांच्या गटाजवळचे ठरले, आणि तोवर त्यांच्या डीएनएचे प्रयत्न फसले होते!

आता हाड मुळात आलं कुठून, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो थोडक्यात: स्पार्क नावाच्या जुन्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती होत गेल्या आणि त्यांतून कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं कुटुंब तयार झालं. हाडातली आणि दातांतली काही प्रथिनं आणि दुधातलं केसीनही त्याच कुटुंबातलं. शार्कच्या नात्यातल्या एलिफंट शार्कचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात स्पार्क सापडलं, पण हे कुटुंब सापडलं नाही. त्यांचा सांगाडा कूर्चेचा राहतो, त्याचं एक कारण हेच मानलं जातं.

मर्यादाही सांगायला हव्यात. गाय आणि बायसन कोलॅजनच्या या चाचणीत वेगळे पडत नाहीत. ऑस्टिओकॅल्सिन हे हाडातलं ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन निअँडरथल आणि आपल्यात अगदी सारखंच निघालं. इतक्या जवळच्या जातींसाठी डीएनएच हवा, मिळाला तर. पण हाड जुनं आणि उष्ण प्रदेशातलं असेल, तुकडा लहान असेल, तर आधी कोलॅजन तपासा. त्याला चिमूटभर भुकटी पुरते आणि डीएनएसाठी तुकडा राखून ठेवता येतो.